तळ्याकाठी लिहिलेलं पत्र

माझी मुलगी मला दुसऱ्यांदा भेटली तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. दीड वर्षाची असताना मी तिला नणंदेच्या ओटीत घातलं आणि बोटीत बसले. ह्यांना जर्मनीत कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि ते वर्षभर आधी गेले होते. मुलीला प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा क्षय, झाला होता. थंडीत नेऊ नका, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोनच वर्षांचा प्रश्न आहे, असं सगळेच म्हणाले. पण खरं सांगायचं तर मला जायचं होतं. कोणी ढकललं नाही मला. बोट सुटली तेव्हा मी रडले आणि चार दिवसांनी डेकवर उभी राहून समुद्र बघताना मला बरंही वाटलं.

दोनाची पाच वर्षं झाली. ह्यांचे एक प्राध्यापक वारले, विषय बदलावा लागला. मीही एका प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम धरलं होतं. दर महिन्याला मिरजेहून पत्र यायचं. वन्सं, म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लहान वयात विधवा झालेल्या, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. त्या लिहायच्या, पोरीचा खोकला गेला, पोरीला आता बाराखडी येते, पोर रोज तुमच्या फोटोला नमस्कार करते.

शेवटी ओळखीचं एक जोडपं जर्मनीला यायला निघालं, त्यांच्याबरोबर मुलीला पाठवायचं ठरलं. आम्ही दोघं जेनोवाच्या बंदरावर घ्यायला गेलो. मार्च महिना होता. दोन वेण्या, हातानं विणलेला तपकिरी स्वेटर, त्याला सेफ्टी पिनेनं लावलेला रुमाल. तिनं आधी ह्यांना, मग मला वाकून नमस्कार केला, घरी आलेल्या पाहुण्यांना करतात तसा. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "फोटोतल्या आई, त्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "हो."

आई ती वन्संना म्हणायची. वन्संनी पुष्कळ शिकवलं असणार, मी आत्या, फोटोत आहे ती आई. पण ज्या बाईच्या कुशीत रोज झोपायचं तिला दुसरं काय म्हणणार? आणि आपल्याकडे मूल आईला 'तू' म्हणतं. माझी मुलगी मला 'तुम्ही' म्हणायची.

कार्ल्सरूहेत आम्ही एका निवृत्त ट्रामचालकाच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी फार शहाण्यासारखी वागायची. सकाळी मी उठायच्या आत तिनं आपलं पांघरूण घडी करून ठेवलेलं असायचं. पाणी प्यायचं तरी विचारायची. मला हाक मारायची मात्र टाळायची. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची, मी वळून बघेपर्यंत. मी स्वयंपाकात असले तर कितीतरी वेळ ती मागे उभी आहे हे मला कळायचंसुद्धा नाही.

ईस्टरनंतर तिकडची शाळा सुरू झाली, तिला पहिलीत घातलं. भाषा येत नव्हती, पण तक्रार नाही. रडणं नाही. हे म्हणायचे, "बघ, कशी रुळली."

घरमालक आणि घरमालकीण दोघंही साठीच्या आसपासची. त्यांचा एकुलता मुलगा लढाईत रशियाला गेला तो परतला नव्हता, आणि त्याच्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. मे महिन्याच्या शेवटी एकदा जिन्यात घरमालकिणीनं मला थांबवलं. "आमच्या वर कुणी राहतं की नाही तेच कळत नाही," ती म्हणाली. "सहा वर्षांच्या मुलीचे पाय वाजायला हवेत." आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं की फिंग्स्टनच्या सुट्टीत ते दोघं दरवर्षीप्रमाणे बोडनझे नावाच्या मोठ्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहणार आहेत, आणि आम्ही तिघांनी बरोबर यायचं. फिंग्स्टन म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण, त्याला सोमवारची जोडून सुट्टी असते.

पाच माणसं, दोन तंबू, स्पिरिटचा स्टोव्ह, बटाट्यांची पिशवी आणि मासेमारीचं सामान, एवढं सगळं घरमालकांच्या छोट्याशा गाडीत कसं बसलं ते मला आजही सांगता येणार नाही. मुलगी माझ्या मांडीवर होती. इतक्या जवळ ती तोवर बसली नव्हती. ब्लॅक फॉरेस्टच्या वळणांवर गाडी कलली की ती समोरच्या सीटची कड धरायची. माझा हात धरला नाही. शेवटच्या तासाभरात तिला झोप लागली तेव्हा डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, तरी मी हलले नाही.

बोडनझे एवढं मोठं आहे की पलीकडचा काठ धुक्यात दिसत नव्हता. मुलगी म्हणाली, "ह्याच्या पलीकडे मिरज आहे का?" हे हसले आणि म्हणाले, "पलीकडे स्वित्झर्लंड आहे." तिनं मान डोलावली.

शनिवारी दुपारी घरमालक आम्हाला होडीतून घेऊन गेले. ते त्या तळ्यात वर्षानुवर्षं एकच मासा पकडायला येत, तळ्यातला मोठा फोरेल. सॅल्मनचाच हा भाऊबंद, पण समुद्रात कधी न जाणारा. तो गळ टाकून काठावर बसून मिळत नाही. होडी सावकाश वल्हवत राहायचं, मागे तीस-चाळीस हात दोरी सोडायची आणि तिच्या टोकाला पत्र्याचा चकाकता चमचा लावायचा. होडी चालली की चमचा पाण्यात लहान माशासारखा वळवळतो आणि फोरेल फसतो. घरमालक म्हणाले, "होडी चरायला निघालेल्या गाईच्या चालीनं गेली पाहिजे. घाई केली की संपलं." ते वल्ही मारत होते, हे गळाची काठी धरून मागे बसले होते, मी पुढे. मुलगी मध्ये, फळीवर, हात मांडीवर ठेवून. घरमालकीण तंबूपाशी थांबली होती.

तासभर काहीच झालं नाही. घरमालकांनी मुलीला खूण करून बोलावलं आणि ह्यांच्या हातातली काठी तिच्या हातात दिली. दोरीवर बोट कसं ठेवायचं ते दाखवलं. ती जीभ दातात धरून बसली. तिला एवढ्या गंभीरपणे काही करताना बघून घरमालक डोळे मिचकावून म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर." तिनं लगेच म्हटलं, "गेनाऊ." घरमालक मोठ्यानं हसले आणि तीही हसली. अडीच महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. पुढचा एक दात पडलेला होता. तो कधी पडला, कुठे पडला, मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात काठी वाकली. दोरी सर्रकन पळायला लागली आणि ती ओरडली, "आई गं!"

मी पुढच्या फळीवरून म्हणाले, "ओ."

ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळेना मी का ओ दिली. आई गं आपण ठेच लागली तरी म्हणतो, विंचू दिसला तरी म्हणतो. ह्यांनी पटकन काठीला हात लावला, घरमालकांनी वल्ही सोडून जाळं घेतलं, आणि सगळे त्या माशात गुंतले. मी एकटीच तशी अर्धवट उठून उभी राहिले होते. घरमालक ओरडले, "बसा, होडी उलटेल." मी बसले.

मासा चांगला माझ्या हाताच्या कोपरापर्यंत भरेल एवढा होता, रुपेरी, अंगावर काळे ठिपके. संध्याकाळी घरमालकिणीनं तो लोण्यात भाजला. आम्ही दोघं तिकडे गेल्यापासून सगळं खायला लागलो होतो. मुलगी वन्संच्या सोवळ्यात वाढलेली. तिनं बटाटे आणि पाव खाल्ला आणि विचारलं, "मी कागद घेऊ का? मला आईला मासा कळवायचाय."

ह्यांनी वहीतला कागद फाडून दिला, पेन्सिल दिली. तिकडे जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ती तंबूच्या दाराशी पालथी पडून लिहीत होती, एकेक अक्षर ओठ हलवत. लिहून झाल्यावर तिनं कागदाची चार घड्या केल्या आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी वळून बघितलं.

"ह्याच्यावर पत्ता घालाल का तुम्ही?" ती म्हणाली. "मला पत्ता येत नाही."

रविवारी सकाळी ती घरमालकिणीबरोबर नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा मी ते पत्र उघडलं. वाचू नये ते वाचलं. ते मला पाठ आहे.

"ती. आईस साष्टांग नमस्कार. आम्ही तळ्यावर आलो आहोत. तंबूत राहतो. आज मासा पकडला. मी खाल्ला नाही. मी रोज लवकर उठते. माझं अंथरूण मी काढते. एकदाही रडले नाही. फोटोतल्या आई चांगल्या आहेत. बाबापण चांगले आहेत. तू म्हणाली होतीस शहाण्यासारखी राहिलीस की न्यायला येईन. मी राहिले. आता ये. माझी पाटी आणू नकोस कारण मी तिकडेच येणार आहे."

मी तंबूत बसून राहिले. बाहेर घरमालक होडीत सामान ठेवत होते. ह्यांना हाक मारली आणि त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी वाचला, परत वाचला, आणि तसेच होडीकडे चालू लागले. मीही गेले. मुलगी बटाटे सोलायला घरमालकिणीपाशी राहिली.

घरमालक वल्हवत होते. दोरी मागे सोडलेली होती. आम्ही मराठीत बोलत होतो. त्यांना शब्द कळत नव्हते.

हे म्हणाले, "ताईनं असं सांगायला नको होतं तिला."

"मग बोटीत कसं बसवलं असतं?"

"लहान आहे. विसरेल."

"काय विसरेल? आपल्याला विसरली तशी?"

त्यांनी दोरी आणखी थोडी सोडली. मग म्हणाले, "हे पत्र टपालात टाकायचं नाही. ताई वाचेल तर तिचं काय होईल? ती एकटी आहे तिकडे."

"आणि नाही टाकलं तर ही रोज वाट बघेल."

"बघू दे थोडे दिवस. मग कमी होईल."

"अहो, ती शहाण्यासारखी वागतेय ती घरी जायच्या आशेवर. ती आपल्याकडे राहतच नाहीये. ती दिवस भरतेय."

हे बोलताना माझा आवाज चढला असावा. घरमालकांची वल्ही थांबली. होडी थांबल्याबरोबर मागचा चमचा तळाशी गेला आणि कशात तरी अडकला. ह्यांनी ओढून बघितलं, दोरी तुटली. तो चमचा घरमालकांनी स्वतः घासून बनवलेला होता. ते नुसतं "आल्झो", म्हणजे बरं तर, म्हणाले, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं आणि होडी काठाकडे वळवली.

काठावर घरमालकिणीला सगळं सांगावं लागलं, कारण मला रडू आवरेना. ती मला तंबूमागे घेऊन गेली. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं परत आलं तरी." आणि एप्रनला हात पुसत स्टोव्हकडे गेली.

पत्र मी टाकलं. मंगळवारी, कार्ल्सरूहेच्या टपालघरात, पत्ता माझ्या हातानं घालून. बरोबर माझं चार ओळींचं पत्र जोडलं. वन्सं, हे तिनं लिहिलं आहे. तुम्ही सांगाल तसं करू. ती परत यावी असं तुम्हाला वाटलं तर आम्ही पाठवू. तेव्हा मला वाटलं, मी मोठ्या मनानं वागले. खरं म्हणजे मुलीला 'नाही' म्हणायचं काम माझं होतं, किंवा 'जा' म्हणायचं. दोन्ही मला जमत नव्हतं, म्हणून मी ते उचलून त्या बाईच्या अंगावर टाकलं. जिनं माझं मूल पाच वर्षं सांभाळलं, तिच्यावर.

वीसेक दिवसांनी उत्तर आलं. पाकिटावर मुलीचं नाव होतं. मला वेगळा कागद नव्हता. मास्तरणीच्या त्या गोल, ठळक अक्षरात, पहिलीच्या मुलाला वाचता येईल असं लिहिलेलं.

"चि. बाळास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मासा पकडलास हे वाचून कौतुक वाटलं. मी न्यायला येणार नाही. मी तुझी आत्या आहे. तुझी आई तुझ्याजवळ आहे. तिला आई म्हणत जा. मला पत्र लिहिशील ते आत्या म्हणून लिही. अभ्यास कर. तुझी आत्या."

तिनं ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं. मग पाकीट उलटं करून झटकलं. मला विचारलं, "ह्यात आणखी कागद नव्हता ना?"

"नव्हता गं."

तिनं पत्र घडी करून पाकिटात ठेवलं, पाकीट टेबलावर ठेवलं आणि जेवायला हात धुवायला गेली. मी तिच्यामागे गेले, नळापाशी गुडघ्यावर बसले, तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं. अंगाची काठी होती. मी सोडल्यावर तिनं हात पुसले.

त्यानंतर ती मराठी बोलेनाशी झाली. एकदम नाही, पण दिवाळीपर्यंत बंदच. शाळेत आणि खाली घरमालकिणीपाशी ती जर्मन भराभर शिकली. घरी आम्ही मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मला ती हाक मारायला लागली ती 'मुटी' म्हणून, तिकडची मुलं मारतात तशी. त्या भाषेत आईला 'दू'च, म्हणजे 'तू'च, म्हणायचं असतं, तेव्हा तीही म्हणायला लागली. ह्यांना फार आनंद झाला. घरमालकीण म्हणाली, आता तुमच्या घरातून पाय वाजतात. खरंच वाजत होते. ती जिन्यावरून धावायची, भांडायची, शाळेतल्या मैत्रिणी घरी आणायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मिटलं सगळं.

वन्संचं म्हणणं तिनं तसं ऐकलंच होतं. आपल्या आईला आईच म्हणायचं, तर ते तिनं जर्मनमध्ये म्हटलं. 'आई' हा शब्द मात्र तिनं पुन्हा कुणालाही दिला नाही. आत्या म्हणून एकही पत्र लिहिलं नाही. मी म्हणायचे, "दोन ओळी लिही गं." ती म्हणायची, "श्पेटर." नंतर. वन्संची पत्रं ह्यांच्या नावानं येत राहिली. त्यांत प्रकृती आणि पाऊसपाणी, आणि शेवटी फक्त, "पोर बरी असेल."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात तार आली. वन्सं गेल्या होत्या. हृदयविकार. हे टेबलाशी बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरून लहान मुलासारखे रडले. मुलगी शाळेतून आली तेव्हा मीच सांगितलं. ती आठ वर्षांची होती. दप्तर पाठीवर तसंच होतं, बूट बर्फानं ओले. ती म्हणाली, "आख झो." असं का. मग बूट काढून जिन्यात नेऊन ठेवले, आणि गृहपाठाला बसली. हे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना खुणेनं गप्प राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. ती माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. अर्धी वेणी झाली होती. अचानक ती म्हणाली, मराठीत, वर्षभराहून जास्त दिवसांनी, "ती एकटी होती का?"

माझे हात थांबले. मला काहीच माहीत नव्हतं. तारेत तीन शब्द होते. मी म्हणाले, "नाही. सगळे होते जवळ. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई. सगळे होते."

"झोपेत गेली?"

"हो."

तिनं मान हलवली, त्यामुळे वेणी हातातून सुटली. मी पुन्हा पहिल्यापासून घातली. ती शाळेत गेली.

पंधरा दिवसांनी मिरजेहून शेजाऱ्यांचं सविस्तर पत्र आलं. शाळेला सुट्टी होती म्हणून दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्यानं दार वाजवलं, आदल्या दिवशीचं दूध तसंच उंबऱ्यात होतं. दार तोडावं लागलं. त्या स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. हे आम्ही दोघांनी वाचलं आणि मुलीला सांगायचं नाही असं ठरवलं.

आम्ही भारतात परतलोच नाही. आधी नोकरी, मग घर. ह्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मुलगी म्युनिकला असते, तिची मुलं मोठी झाली आहेत. दर रविवारी तिचा फोन येतो आणि आम्ही जर्मनमध्ये बोलतो. वन्सं कशा गेल्या ते तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.